धुराची तक्रार

यंत्र तीनदा टीं करून वाजलं आणि बंद पडलं. हिरवा दिवा विझला, तांबडा लागला, आतल्या पंख्याची घरघर मंदावत मंदावत थांबली. बाल्कनीतल्या स्टुलावर, मांडीवर माहितीपुस्तक घेऊन बसलेल्या पुंजाजी भोयांना नेहमीप्रमाणे सगळ्यात आधी हेच वाटलं, की आपणच काहीतरी चुकीचं केलं. लाकडाच्या ढलप्या जास्त घातल्या असतील, किंवा कमी पडल्या असतील. दार लावताना उगीच जोर केला असेल, किंवा हवा होता तेवढा केला नसेल. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि 'अडचणी व उपाय' हे पान उघडलं. तांबडा दिवा लागून तीनदा आवाज आल्यास ग्राहक सेवेशी संपर्क साधावा, एवढंच तिथं लिहिलेलं होतं, आणि त्या ओळीखाली त्यांनीच मागे केव्हातरी पेन्सिलीने बारीक रेघ मारली होती. कॉलेजच्या ग्रंथालयात दुसऱ्यांनी मारलेल्या अशा रेघा खोडरबराने पुसण्यात त्यांची सगळी नोकरी सरली होती, आणि आता म्हातारपणी ते स्वतः पुस्तकात रेघा मारायला लागले होते. पुस्तक तरी कोणतं, तर मासळीला धूर देणाऱ्या कपाटाचं.

"मेलं का?" आतून त्यांच्या पत्नी चंद्रभागाबाईंनी विचारलं.

"बंद पडलंय."

"तेच म्हणतेय मी," त्या म्हणाल्या, आणि मिक्सर सुरू केला.

कपाट लहान फ्रिजएवढं होतं, पोलादी, पुढे उभी काच. खाली एक खण. त्यात ढलप्या घालायच्या. खणाखालची तार तापली की त्या पेट न घेता नुसत्या धुमसायच्या, आणि तो धूर वरच्या जाळ्यांवर मांडलेल्या जिनसांत तासन् तास मुरायचा. निदान प्रदर्शनात तरी तसं झालं होतं. नाशकात डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर दिवाळीनंतर जे मंडप लागतात, त्यातल्या एकात उंच पांढरी टोपी घातलेला माणूस पनीरचे धुरावलेले तुकडे काडीला टोचून लोकांना वाटत होता. पुंजाजींनी एक तुकडा तोंडात घातला आणि मागच्या गर्दीने ढकलेपर्यंत ते तिथंच उभे राहिले. पनीर त्यांना कधी आवडलं नव्हतं. पण घशातून वर नाकात जे चढलं ते पनीर नव्हतं. टोपीवाला सांगत होता, चूल नको, गॅस नको, शेजाऱ्यांची कटकट नको. शेजाऱ्यांची कटकट नको, या तीन शब्दांपाशी पुंजाजी विकले गेले. चंद्रभागाबाईंनी त्याला पहिल्या दिवसापासून 'धुराडं' म्हणायला सुरुवात केली, आणि पुण्याहून फोन करणारी मुलगी वैष्णवी म्हणाली, "बाबा, वॉशिंग मशीन घ्यायला तुम्हाला नऊ वर्षं लागली, आणि हे एका संध्याकाळी?" त्यांना उत्तरं नेहमी दुसऱ्या दिवशी सुचत.

हे सगळं तानुबाईंसाठी होतं. तानुबाई त्यांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा पुंजाजी चालायला शिकत होते, तेव्हा आई म्हणजे तानुबाईच. पेठच्या पलीकडे डोंगरात घर होतं, तिथं त्या एकट्याच राहायच्या, आणि यंदा भाताची कापणी चालू असताना खाचराच्या बांधावरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. नाशिकला आणून ऑपरेशन केलं, आत पट्टी बसवली, आणि घरी सोडताना डॉक्टर पुंजाजींकडे पाहून सरळ बोलले होते. हाड मी जोडलंय, ते धरायचं काम अन्नाचं आहे, बाईंनी खाल्लं तर त्या संक्रांतीनंतर चालतील, नाही खाल्लं तर ही खाट त्यांना सोडणार नाही. हॉलमध्ये बाल्कनीच्या दाराशी खाट टाकली. पण तानुबाई दोन घास घ्यायच्या आणि भिंतीकडे तोंड करायच्या. चंद्रभागाबाईंनी नागलीची भाकरी केली, उडदाची आमटी केली, कोंबडीचा रस्सा केला. त्या कळवणच्या, हाताला चव असलेल्या, आणि कुणी आपलं जेवण परत पाठवलं की ते त्यांना मनाला लागायचं. शेवटी एका दुपारी तानुबाई म्हणाल्या, "ताटीवरची मासळी आसती तं दोन घास गेलं आसतं." ताटी म्हणजे चुलीच्या वर आढ्याला टांगलेली बांबूची चौकट. पावसाळ्यात ओढ्यात धरलेली बारकी मासळी त्यावर टाकायची आणि वर्षभर चुलीच्या धुरात ती आपोआप काळी, कडक होत राहायची. चंद्रभागाबाईंनी बाजारातून सुका बोंबील आणला. तानुबाईंनी हुंगला आणि बाजूला ठेवला. पुंजाजींनी गच्चीत विटा लावून चूल पेटवली, तर पहिल्या धुराबरोबर सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. बोलले अगदी सभ्यपणे. त्या सभ्यपणाने पुंजाजी असे कानकोंडे झाले, की पेटलेली लाकडं त्यांनी तिथल्या तिथं विझवली आणि राख धोतराच्या जुन्या फडक्यात बांधून खाली आणली.

आता काचेआड मासळी अर्धीकच्ची, नुसतीच कोमट, राखाडी पडून होती. नेहमीच असं. कपाटाला सहा तास सलग वीज लागायची, आणि दोन हजार सहा सालच्या नाशकात सहा तास सलग वीज हीच मुळी चैन होती. दिवे गेले की यंत्र सगळं विसरायचं, आले की पहिल्यापासून. म्हणून पुंजाजींनी भारनियमनाचं वेळापत्रक वर्तमानपत्रातून कापून बाल्कनीच्या दारावर डकवलं होतं. पण वीज असतानाही यंत्र मध्येच तीनदा वाजून बसायचं, त्याचं कुठं वेळापत्रक नव्हतं. शिवाय दार नीट बसत नव्हतं. वरच्या कोपऱ्यातून धुराची एक बारीक वेणी सतत बाहेर यायची, बाल्कनीच्या दारातून आत शिरायची आणि हॉलच्या छताखाली पसरायची. पुंजाजी ओलं फडकं त्या फटीत कोंबायचे, पंखा मोठा करायचे, आणि तानुबाईंची माफी मागायचे. तानुबाई म्हणायच्या, "पंखा नको रं." थंडी वाजत असेल, असं समजून ते त्यांच्या अंगावर आणखी एक गोधडी घालायचे.

फोन हॉलमध्ये होता. तो लावायच्या आधी ते काय बोलायचं ते कागदाच्या कपट्यावर लिहून काढत, आणि पलीकडून आवाज आला की कपटा हातातच राही. इंग्रजीसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन. मग सनई की बासरी, काय असेल ते, एकच चाल फिरून फिरून, आणि मधूनमधून एक बाई हिंदीत सांगायची की तुमचा फोन आमच्यासाठी फार मोलाचा आहे. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा पुंजाजी चक्क "आभारी आहे" म्हणाले होते. आज दीपक नावाचा मुलगा बोलला. त्याने नाव, पत्ता, यंत्राच्या पाठीवरचा आकडा, सगळं पहिल्यापासून विचारलं, जणू आधी कुणी विचारलंच नव्हतं. मग प्लग काढून पुन्हा लावायला सांगितला. मग विचारलं, "सर, लकड़ी कंपनी की ही यूज़ कर रहे हैं ना?"

कंपनीची लाकडं केव्हाच संपली होती. नाशिकच्या दुकानदाराकडे ती यायची नाहीत. मुंबईहून मागवली, तर आधी पैसे आणि मग वाट बघा. पेठ रोडच्या वखारीतून पुंजाजींनी ऐनाच्या ढलप्या आणल्या होत्या. त्यांच्या डोंगरातल्या घरी चुलीत ऐनाचंच लाकूड जळायचं. पण माहितीपुस्तकात चौकट टाकून लिहिलं होतं, की अन्य लाकूड वापरल्यास हमी संपुष्टात येईल.

"हां जी," पुंजाजी म्हणाले. "कंपनी की ही."

आपल्या तोंडून खोटं इतक्या सहज गेलेलं ऐकून त्यांच्या कानशिलांत ऊन चढलं. दीपक म्हणाला की मग व्होल्टेजचा प्रॉब्लेम असणार, आणि तक्रार नोंदवून बंद केली. बंद केली म्हणजे काय, असं त्यांना विचारायचं होतं. ते "ठीक है, थँक्यू" म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांच्या मनात दीपकशी भांडण सुरू झालं. त्या भांडणात ते फार छान बोलत होते, हिंदीसुद्धा चुकत नव्हती. यंत्र आहे की थट्टा, म्हणत होते. माझ्या बहिणीला जेवण जात नाही आणि तुम्ही मला प्लग काढायला सांगता, म्हणत होते. पण भांडणाच्या मध्यावरच नेहमीचा तो दुसरा आवाज आला. तुम्हीच काही चुकत असाल, भोये. इतकी माणसं वापरतात. टोपीवाल्याचं कसं चाललं होतं? ऐन घालता आणि वर बोलता?

हा दुसरा आवाज फार जुना होता. त्याची सुरुवात कुठं झाली ते त्यांना ठाऊक होतं, फक्त तिकडे फारसं बघायचं नाही अशी त्यांनी डोळ्यांना सवय लावली होती. शाळेत असतानाचं, नाशकातलं वसतिगृह. सागाच्या लाकडांच्या ट्रकवर, वर, सालपटांत बसून तानुबाईंनी त्यांना आणलं होतं, दाराशी सोडलं आणि वळून न बघता गेल्या, कारण ट्रक थांबणार नव्हता. खोलीत सोळा मुलं. पहिल्या रात्री दिवा मालवल्यावर अंधारातून कुणीतरी म्हणालं, जळकट काय वासतंय, आणि दुसरा म्हणाला, तो नवीन आलाय ना, तो. हसणं फारसं दुष्ट नव्हतं. मुलं होती. पण सकाळी गृहपालांनी त्यांचं गाठोडं बाहेर व्हरांड्यात खुंटीला टांगायला लावलं, वास मरेपर्यंत. तोवर आपल्याला वास आहे हे पुंजाला माहीतच नव्हतं. जन्मल्यापासून ज्यात आहोत ते नाकाला कसं कळणार? त्या सकाळी ते आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला हुंगले. मग साबण, नदी, दगड, पुन्हा साबण. दर सुटीनंतर घरून परत आलं, की पुन्हा तेच. तानुबाई कधी यायच्या त्या मासळीची पुरचुंडी घेऊन, आणि त्यांच्या लुगड्याला सगळं घर लागून आलेलं असायचं, चूल, गुरं, कौलं, कोळसा. पुंजा त्यांना वसतिगृहाच्या मागे न्यायचा. तिथं दोघं आंब्याखाली बसून खायची. मासळी इतकी चांगली असायची की डोळ्यांत पाणी यायचं, आणि तो खाताखाता वारा कुठून कुठं वाहतोय ते पाहायचा. पुढे ग्रंथालयात लागल्यावरही ते वाचकाशी टेबलाच्या पलीकडूनच बोलले, वर्षानुवर्षं, वास केव्हाच गेलेला असताना. लोकांना ते भिडस्त वाटले. भिडस्त होतेच. वरच्या पदाची जागा निघाली तेव्हा अर्जसुद्धा त्यांनी शेवटच्या दिवशी दिला, तो पाच वाजल्यानंतर, आणि तो घेतला गेला नाही याचं त्यांना हलकंसं बरंच वाटलं. आणि आता हे. साबणाने खरवडून जो धूर एवढ्या कष्टाने अंगावरून काढला, तोच पोलादी कपाटातून थोडासा मिळावा म्हणून ते आता बिनपैशाच्या नंबरावर कुणा दीपकच्या विनवण्या करत होते. यात हसण्यासारखं काहीतरी आहे हे त्यांना दिसत होतं. हसू मात्र येत नव्हतं.

डिसेंबर असाच गेला. यंत्र कधी दोन तास चालायचं, कधी चार. एकदा सगळे सहा तास चाललं, आणि त्या दिवशी कळलं की खण उलटा बसवल्यामुळे ढलप्या मुळी तापल्याच नव्हत्या. मासळी नुसती वाळली होती. ती चूक मात्र खरोखरच त्यांची होती. ती सापडल्याने त्यांना जवळजवळ समाधान वाटलं. फोन होत राहिले. यंत्र पाठवून द्या, खोक्यासकट. खोकं नाही? मग इंजिनीअर येईल. इंजिनीअर आज येईल म्हणून पुंजाजी दिवसभर अंघोळीलासुद्धा घराचं दार उघडं ठेवून गेले. इंजिनीअर नाशिकमध्येच नाही, औरंगाबादला आहे. इंजिनीअर येऊन गेला, घर बंद होतं, तक्रार बंद केली. "घर बंद?" चंद्रभागाबाई म्हणाल्या. "खाटेवर माणूस, स्टुलावर माणूस, ओट्याशी मी. आम्ही काय भुतं आहोत का?" त्यांनी पुंजाजींच्या हातातून फोन ओढून घेतला. पलीकडच्या माणसाला त्या हिंदीत जे काही बोलल्या त्यात क्रियापदं सगळी मराठी होती. पुंजाजी बाल्कनीत निघून गेले, आणि कोपऱ्यातून येणाऱ्या धुराच्या वेणीकडे पाहत राहिले. पलीकडचा माणूस काही वाईट नसेल, त्याला दिवसाला किती जण असं बोलत असतील, असं त्यांना वाटत होतं. मग वाटलं, आपल्याला बहिणीपेक्षा तो जवळचा आहे का.

त्या महिन्यात तानुबाई जेवत होत्या. फार नाही, पण जेवत होत्या. एखाद्या संध्याकाळी अख्खी भाकरी. कधी नुसता वरणभात, ताट पुसून. मासळी मात्र त्या कधीच धड खायच्या नाहीत. पुंजाजी अर्धीकच्ची, अर्धी धुरावलेली मासळी भाजून ताटात ठेवायचे, आणि त्या ती कडेला सारायच्या. पुंजाजींना तेवढंच दिसायचं. कडेला सारलेली मासळी. बाकीचं ताट रिकामं झालेलं त्यांच्या डोळ्यांत भरायचंच नाही. रोज रात्री ते स्वतःला सांगायचे, यंत्र एकदा नीट झालं, एकदा सहा तास धूर बसला, की बाय जेवेल, लहानपणापासून ते तानुबाईंना बायच म्हणत. त्या चालायची काठी धरून न्हाणीपर्यंत जाऊ लागल्या होत्या, हेसुद्धा त्यांनी डॉक्टरांच्या खात्यावर जमा केलं.

आणि इंजिनीअर आला. राजू नाव, नाशकातच अंबडला राहणारा, मिशीला कंगवा फिरवलेला, हेल्मेट काखेत. आल्या आल्या त्याने खण उघडला, ढलपी उचलून नाकाशी नेली आणि पुंजाजींकडे पाहिलं. "ऐन ना, काका?" तो म्हणाला. "चालतो. कंपनीला नका सांगू." मग पाठीमागचं पत्र्याचं झाकण काढलं. आत एक वायर सैल होती, तापली की सुटायची आणि गार झाली की पुन्हा लागायची, म्हणून ते तीनदा वाजणं. ती त्याने पक्की केली. दाराची कडक झालेली रबरपट्टी उपटून काढली, बॅगेतून नवी काढून बसवली, बिजागरीखाली वॉशर घातलं, आणि दार असं लावलं की फ्रिजसारखा 'फप्प' आवाज झाला. "आता मुंगीला जागा नाही," तो म्हणाला. चहा घेतला, सही घेतली, गेला. कामाला दहाही मिनिटं लागली नसतील. पुंजाजींना आनंद व्हायला हवा होता. त्यांना रडू आल्यासारखं झालं. एवढंसंच होतं तर.

त्या दिवशी वीज गेली नाही. सहा तास हिरवा दिवा, पंख्याची एकसारखी घरघर, काचेआड धूर दुधासारखा दाट, आणि बाहेर, दाराच्या कडेला, काही नाही. बोट फिरवून पाहिलं, गार. नाक लावून पाहिलं, नुसतं रबर. संध्याकाळी त्यांनी मासळी काढली, तेव्हा ती काळसर, सोनेरी, कडक होती, अगदी तिकडची. त्यांनी एक तुकडा तोंडात घातला आणि आंब्याखालचं ते ऊन क्षणभर पाठीवर पडलं. स्वतः भाजली, स्वतः ताट केलं, खाटेपाशी नेलं. तानुबाईंनी मासळी मोडली, चावली, गिळली. "बरी हाय," म्हणाल्या. मग एक घास भात. मग ताट सरकवलं आणि तोंड भिंतीकडे.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी एक घाससुद्धा नाही. काठी खाटेला टेकून उभी. मला घरी नेऊन सोडा, असं त्या म्हणायला लागल्या. घराला कुलूप होतं, शेजारी राहणारा पुतण्या द्राक्षाच्या कामावर ओझरकडे गेलेला होता, तिथं पाणी तोंडाला लावायला कुणी नव्हतं, हे पुंजाजी त्यांना पुन्हा पुन्हा सांगायचे आणि त्या पुन्हा पुन्हा हो म्हणायच्या. आठवड्याने डॉक्टरांनी तपासलं, वजनकाट्याकडे बघून भुवया वर केल्या, आणि असंच राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल म्हणाले. पुंजाजींनी मासळी बदलली. वेळ बदलली. सहाचे आठ तास केले. माहितीपुस्तक पहिल्या पानापासून वाचलं. चूक सापडेना. यंत्रात चूक नव्हती, हेच भयंकर होतं. म्हणजे ती आता नक्की त्यांच्यातच असणार.

"बाय," त्या दुपारी त्यांनी विचारलं, "काय कमी पडतंय त्यात? तिखट? मीठ?"

तानुबाईंनी मान वळवली. त्यांचे डोळे बाल्कनीतल्या कपाटावर होते, चकचकीत, बंद. "मासळी चांगली हाय रं पुंज्या. तूच खा." मग, भिंतीला सांगितल्यासारखं, "हितं दम कोंडतो. वासच नाय कशाला. भात शिजतो तरी कळत नाय. खायचं तं खायचं कशात बसून?"

चंद्रभागाबाई ओट्याशी कणीक मळत होत्या. त्यांचे हात थांबले. "अहो," त्या म्हणाल्या, "आत्याबाई धुराडं बिघडलेलं होतं तेव्हा जेवायच्या."

पुंजाजींना ते वाक्य आधी टोचून बोलल्यासारखं वाटलं, टोमणा. मग ते खाली बसले. एकेक संध्याकाळ आठवली. ओलं फडकं फटीत कोंबलेलं, छताखाली निळसर थर, पंखा नको रं, आणि ताट पुसून खाल्लेला वरणभात. आपण तेव्हा मासळीकडे बघत होतो. बायने मासळी मागितली, म्हणून मासळीकडे बघत होतो. पुस्तकात जसं लिहिलं असेल तेवढंच वाचायचं, ओळींच्या मधलं नाही, ही आपली जन्माची खोड. त्यांनी बहिणीची माफी मागून मागून तिला हवं होतं तेच फडक्याने, पंख्याने घराबाहेर हाकललं होतं. आणि मग महिनाभर हात जोडून, खोटं बोलून, एका मिशीवाल्याकडून ते कायमचं बुजवून घेतलं होतं.

त्यांनी फोन लावला. कपटा न लिहिता. नशिबाने पलीकडची मुलगी मराठी निघाली. तृप्ती बोलतेय सर, म्हणाली, पुण्याकडचा स्वच्छ आवाज. पुंजाजी म्हणाले, दारातून धूर बाहेर येत नाही.

"हो सर, इंजिनीअर व्हिजिट झालीय, तुमची तक्रार सॉल्व्ह झालीय."

"तीच तक्रार आहे."

पलीकडे बटणांची टकटक थांबली. "सर, धूर बाहेर येणं ही तक्रार असते. धूर बाहेर न येणं ही तक्रार नसते. तसा ऑप्शनच नाहीये इथे."

एरवी इथं ते ठीक आहे म्हणाले असते. शब्द जिभेवर तयारही होता. "मुली," ते म्हणाले, "माझी बहीण धुरात जेवते. मासळी नाही खात ती. हे मला आज कळलं. जुनी रबरपट्टी पाठवा, बिघडलेली चालेल." चेष्टा करतोय की काय, असं तिला वाटत असेल. मग हळू आवाजात म्हणाली की जुनी पट्टी स्क्रॅपला जाते, सर, मी सुपरवायझरना विचारते, तुम्हाला फोन येईल. आणि तोवर तक्रार बंद करू का?

"नको," पुंजाजी म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण कणीक मळणाऱ्या चंद्रभागाबाईंनी वळून पाहिलं.

"दार उघडा ना त्याचं मग," त्या म्हणाल्या. "एवढं कंपनीला काय विचारायचं?"

चालू यंत्राचं दार उघडू नये, असं पान तीनवर, पान नऊवर आणि खुद्द दारावर तांबड्या अक्षरांत लिहिलं होतं. हा उपाय असू शकतो हे पुंजाजींच्या मनाला शिवलंसुद्धा नव्हतं. त्यांनी खणात मूठभर ऐन घातला, जाळ्या रिकाम्या ठेवल्या, काचेआड धूर दाटू दिला, आणि दार उघडलं. एक मोठा ढग बाहेर आला, बाल्कनीच्या कठड्यावरून सरळ रस्त्यावर गेला, आणि यंत्र बंद पडलं. दार लावलं, चालू. उघडलं, बंद. म्हणजे त्याला कळत होतं. त्यांना वाटलं, लाथ घालावी. सत्तरीपर्यंत त्यांनी कशालाही लाथ घातली नव्हती. ते गुडघे टेकून बसले आणि चौकटीवरून बोट फिरवत गेले, तेव्हा खालच्या कोपऱ्यात वाटाण्याएवढं बटण लागलं, फ्रिजच्या दिव्याला असतं तसं. दार लागलं की ते दाबलं जायचं. त्यांनी त्यावर अंगठा ठेवला आणि दाबला. पंखा घरघरला, हिरवा दिवा लागला, आणि दार सताड उघडं असताना खणातून धूर उठू लागला. चंद्रभागाबाईंनी कपाट खालून पायाने ढकलत ढकलत त्याचं तोंड हॉलकडे केलं. पुंजाजीही त्याच्याबरोबर गुडघ्यांवर फिरले, अंगठा न उचलता.

धूर आत गेला. आधी जमिनीवरून, मग खाटेच्या पायांवरून, मग छताला लागून परत खाली. कॅलेंडर दिसेनासं झालं. चंद्रभागाबाईंना ठसका लागला. पदर नाकाला लावून त्यांनी वरणभाताचं ताट तानुबाईंच्या पुढ्यात ठेवलं आणि खिडकी लावून घेतली. धुरात तानुबाई उठून बसलेल्या पुंजाजींना नीट दिसत नव्हत्या. हात तेवढा दिसायचा, ताटाकडे जाताना आणि वर येताना. त्या सावकाश जेवत होत्या, कुठंच घाई नसल्यासारख्या. पुंजाजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गुडघे दुखत होते. वरच्या मजल्यावर कुणाचं तरी दार उघडलं, जिन्यात चपला वाजल्या.

फोन वाजला. चंद्रभागाबाईंनी घेतला, ऐकलं, आणि रिसीव्हरच्या तोंडावर हात धरून ओरडून विचारलं, "कंपनीचे साहेब आहेत. म्हणतात, तक्रार बंद करायची का, तेवढं हो म्हणा."

"सांग, मला उठता येत नाही."

"आणि?"

"नाही म्हणावं. उघडीच राहू दे."

धुरातून तानुबाईंचा आवाज आला, भरल्या तोंडाचा. "चंद्रभागे, भात हाय का आणखी?"

चंद्रभागाबाईंनी फोन तसाच टेबलावर टाकला आणि त्या भात आणायला गेल्या. आता दारावरची घंटीही वाजत होती. पुंजाजींचा उजवा अंगठा बधिर झाला होता. त्यांनी डावा त्याच्या शेजारी, बटणाच्या उरलेल्या कडेवर टेकवला, घट्ट दाबला, आणि मग उजवा हळूच काढून घेतला. यंत्राला काही कळलं नाही.